चुन्याची रेघ आणि माझा अंगठा

सुखदेव, रविवारी शंकरपटाच्या मैदानावर मला तुझ्याबद्दल बोलायचं आहे. समितीने पाच मिनिटं दिली आहेत. बैलजोड्या शर्यतीला सुटायच्या आधी टेबलावर तुझा फोटो ठेवतील, हार घालतील आणि माइक माझ्या हातात देतील. त्यांना वाटतं मी तुझ्या हुन्नराबद्दल बोलेन. वासराचा खूर पाहून तू त्याची चाल कशी सांगायचास, कासरा दोन बोटांत कसा धरायचास, असं काही. तेही बोलेन. पण त्याच माइकवरून एकदा तुझ्याबद्दल चुकीचं सांगितलं गेलं होतं आणि सांगणारा मी होतो. आज गुरुवार आहे. तुला जाऊन सोळा दिवस झाले. माझ्या हातात तीन दिवस आहेत आणि हे कागद.

आपण तिसरीपासून एका बाकावर बसलो. तू सातवीत शाळा सोडलीस, मी शिकलो आणि त्याच शाळेत गणित शिकवायला परत आलो. त्या दिवसापासून तू मला नावाने हाक मारणं सोडलंस. "मास्तर" म्हणायचास, पण असं, की त्यात मान कमी आणि चिमटा जास्त. शाळा सुटली की मी तलावाच्या पाळीवर यायचो, तू बैल पाण्यावर आणायचास, आणि आपला एकच वाद सुरू व्हायचा.

"सांग बे मास्तर, एकाच गाईचे दोन गोऱ्हे. एक पटावर हवा होऊन पळते, दुसरा नांगरालेही जड. हे का होय? नशीब?"

"थोडं नशीब, थोडी तुझी मेहनत. कशाचा वाटा किती, ते मोजता येतं."

"मोजून दाव."

मी खिशातून नाणं काढलं आणि दहा वेळा उडवलं. सात वेळा छापा पडला. मी म्हटलं, "बघ, मी काही हुन्नर केला का? तरी सात वेळा छापाच. तुझी जोडी दहा पटांत सात वेळा पहिली आली, त्यातलं किती असंच आलं असेल, सांग."

तू नाणं उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलंस. "नाणं का आपल्या मनानं उडलं? तुनंच उडवलं ना? कोनाचा तरी हात असतेच, मास्तर. दिसत नाई म्हून लोकं नशीब म्हनते."

मी हसलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात हा किस्सा सांगून पोरांनाही हसवलं होतं.

खरं तर 'नशीब' हा शब्द आमच्या घरात नव्हता. छप्पनच्या दीक्षेनंतर माझ्या बापाने देव्हारा काढला आणि त्याच्या मागोमाग हा शब्दही घराबाहेर ठेवला. "ज्याचं कारण सांगता येत नाही त्याला नशीब म्हणू नको," तो म्हणायचा, "कारण शोध." म्हणजे तू आणि माझा बाप एकच सांगत होतात. मी मात्र पुस्तकातून संभाव्यता शिकलो, आणि नशिबाला मागच्या दाराने, चांगले कपडे घालून, परत घरात घेतलं.

घड्याळाच्या खुर्चीवर मला तू बसवलंस. आधीचे म्हातारे घड्याळवाले डोळ्यांनी थकले तेव्हा समितीत चर्चा झाली. माझ्या नावाला काहींनी नाकं मुरडली. का, ते आपल्याला दोघांनाही माहीत होतं, कोणी उघड बोललं नव्हतं. तू एकटा उभा राहिलास. "घड्याळ मास्तरच धरील. गावात एकच मानूस हाय ज्याले शंभर भाग एक सेकंदाचे समजते. नाई तं माही जोडी नाई पळनार." तुझ्या जोडीशिवाय आपल्या गावचा पट कसा होणार? त्यांनी मला खुर्ची दिली. मी चार हिवाळे ती सांभाळली. झेंडी पडली की बटण दाबायचं, आणि बैलांचं तोंड चुन्याच्या रेघेवर आलं की पुन्हा दाबायचं. बैलांचं तोंड. चाक नाही, छकडा हाकणारा धुरकरी नाही. नियम एवढाच.

त्या वर्षी धान मळून झालं होतं, मैदान टणक होतं. शेवटच्या दिवशी दोनच जोड्या उरल्या, तुझी आणि अर्जुनीकडची. जिल्हा तुटून दोन झाल्यापासून ती माणसं 'तिकडची' झाली होती. पूर्वी ज्यांच्या घरी आपल्या पोरी दिल्या, त्यांच्याकडे लोक आता दुसऱ्या मुलुखातले असल्यासारखे बघायचे. दुपारच्या फेरीत तुझी जोडी आली, मी घड्याळ थांबवलं, आकडा सांगितला आणि त्यांच्यातला एक जण मोठ्याने म्हणाला, "गुरुजी, दोस्ताची जोडी आली का अंगठा लवकर पडते वाटते!"

माणसं हसली. आपल्या गावचीही हसली. समितीतला एक जण, ज्याने माझ्या नावाला नाक मुरडलं होतं, तो माझ्याकडे बघून हसला नाही. नुसता बघत राहिला. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

तू छकड्यावरून ओरडलास, "अंगठा नाई रे भाऊ, माहे बैलच जोरात पळते!" लोक पुन्हा हसले, तुझ्या बाजूने. तुझ्यापुरता विषय संपला. माझ्या हातात तो राहिला.

शेवटची फेरी. आधी अर्जुनीकडची जोडी सुटली. सतरा सेकंद, बेचाळीस पॉइंट. मग तू. मला आजही ती धाव पायाच्या तळव्यांत ऐकू येते. कबऱ्या आतल्या बाजूला, लखन उजवीकडे, तू छकड्यावर अर्धवट वाकलेला, आणि तुझ्या तोंडून तो एकच आवाज, शब्द नसलेला. समोरून येणाऱ्या जोडीकडे पाहताना मी एकच गोष्ट मनात म्हणत होतो: घाई करू नको. घाई करू नको, ते बघत आहेत. बैलांची तोंडं रेघेवर आली. अंगठा पडला नाही. मी वाट पाहिली. कशाची? खात्रीची. कोणी बोट दाखवू शकणार नाही अशा खात्रीची. छकड्याच्या चाकाखालून चुना उडालेला मी पाहिला आणि तेव्हा अंगठा दाबला.

सतरा सेकंद, पन्नास पॉइंट.

आठ पॉइंटांनी तू हरलास. मीच माइकवर सांगितलं. आवाज स्थिर होता, लोकांनी नंतर कौतुक केलं. "गुरुजी म्हणजे गुरुजी, दोस्तालेही सोडलं नाई." पहिल्या नंबरची ढाल अर्जुनीला गेली. मघाचा तो चिमटा काढणारा माझ्याजवळ आला, पाया पडल्यासारखा वाकला आणि म्हणाला, "माफ करा जी, गुरुजी. तुमी देवमानूस." मी त्याला उठवलं. त्या दिवशी मला कोणी एवढा मान दिला नव्हता, आधीही नाही, नंतरही नाही.

संध्याकाळी तू बैलांना चारा टाकत होतास. मी आलो. सांगायला आलो होतो, असं मला अजून वाटतं. तू वर न बघता म्हणालास, "शेवटच्या पन्नास फुटांत गेलं, मास्तर."

"आठ पॉइंट म्हणजे काहीच नसतं रे," मी म्हणालो. "हाताने घड्याळ धरलं की एवढं इकडेतिकडे होतंच. दहा वेळा पळवलं असतं तर पाच वेळा तू जिंकला असतास. नशीब असतं."

"म्हंजे मी हारलो नाई?"

"हरलास, पण..."

"मंग पॉइंट कायले मोजता बे?" तू हसलास. मग हसणं थांबलं. "घड्याळ काई खोटं नाई बोलत. लखन शेवटी ढिला पडला. मले कासऱ्यात समजलं होतं."

तुला कासऱ्यात काही समजलं नव्हतं, सुखदेव. समजण्यासारखं काही घडलंच नव्हतं. माझा आकडा ऐकल्यावर तुझ्या हाताने ती आठवण तयार केली. तुझ्यासारख्या हुन्नरी माणसाचं हेच होतं. त्याला वाटतं, हरलो म्हणजे आपल्या हातून काहीतरी सुटलंच असणार. अडाण्याने नशिबाला शिव्या दिल्या असत्या आणि तो झोपला असता. तू तीन दिवस लखनच्या मागच्या पायाचं चालणं बघत बसलास.

बुधवारी मी टेप घेऊन तुझ्या अंगणात आलो. तू बाहेर होतास. जुवाला बैल उभे आहेत असं धरलं तर तोंडापासून चाकापर्यंत किती येतं, ते मोजलं. तू परत आलास आणि विचारलंस, "का मोजून राहिला बे?" मी म्हणालो, "असंच. पोरांना गणित घालायचंय." आणि खरोखरच आठवीच्या वर्गात ते फळ्यावर घातलं. एवढी लांब धाव, एवढे सेकंद, तर तोंडापासून चाकापर्यंतचे तेवढे फूट जायला किती वेळ? उत्तर आलं, पाव सेकंदापेक्षा थोडं जास्त. पहिल्या बाकावरच्या पोरीने तो सतरा-पन्नासमधून वजा केला आणि म्हणाली, "सर, मंग तं ते जोडी जिंकली ना!" मी फळा पुसला.

पाव सेकंद. आठ पॉइंट नाही. दहा वेळा पळवलं असतं तर दहाही वेळा तू जिंकला असतास, तोंडावर थांबणारा अंगठा असता तर.

हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर मला संभाव्यता पहिल्यांदा समजली. हाताची चूक असते, ती कधी इकडे पडते, कधी तिकडे. तिला योगायोग म्हणावं, तिची सरासरी काढावी, तिच्यावर रागावू नये. पण जी चूक आधीच ठरलेल्या बाजूला पडणार असते, ती योगायोग नसते. माझा अंगठा त्या दिवशी उशिरा पडणारच होता. तू जिंकू नयेस म्हणून नाही. मी प्रामाणिक दिसावा म्हणून. मी त्याला तुझ्यासमोर नशीब म्हटलं. इतकं सोपं होतं ते! पुस्तकात शब्द तयारच होता.

आणि तरी मी शुक्रवारी तुझ्याबरोबर बैलबाजारात आलो.

तू लखनला विकायचं ठरवलंस ते कोणाला पटलं नव्हतं. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. लखनची आई गेली तेव्हा त्यांनी त्याला बोटाने दूध चाटवून जगवलं होतं. तू म्हणालास, "ढिल्या पायाचा बैल पटावर ठेवनं पाप हाय. आज आठ पॉइंट, उद्या कोनाच्या अंगावर छकडा." बाजारात जाताना वाटेत मी तीन वेळा तोंड उघडलं. पहिल्यांदा तू बिडी मागितलीस. दुसऱ्यांदा ओळखीचं माणूस भेटलं. तिसऱ्यांदा काहीच आडवं आलं नाही, आणि मीच गप्प बसलो. कारण मी तेवढ्यात हिशेब केला होता: आता सांगितलं तर लोक म्हणतील, दोस्तासाठी पलटला. म्हणजे खरं बोललो तर पक्षपाती ठरणार होतो आणि खोटं तसंच ठेवलं तर देवमाणूस राहणार होतो.

घेणारा लाखांदूरच्या पलीकडचा होता. त्याने लखनच्या तोंडात हात घालून दात पाहिले, पाठीवर थाप मारली. तू घुंगराची माळ काढून घेतलीस आणि लखन दुसऱ्याच्या दोराने निघाला. तू परत येताना एकच वाक्य बोललास, "पुढच्या साली नवा गोऱ्हा जमवू." मी "हो" म्हणालो.

पुढच्या साली पटावर बंदी आली. त्याच्याही पुढच्या साली होती. तुझ्या हातातला हुन्नर तसाच राहिला आणि वर्षं निघून गेली. हे मात्र खरोखर नशीब होतं. त्याच्यावर माझा हात नव्हता. पण मी त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर तुझ्या आयुष्यातला शेवटचा पट हा जिंकलेला पट असता. ते बंदीने नाही, मी घेतलं.

बंदी उठली तेव्हा समिती तुझ्याकडे आली. तू गेलास, पण गाडीवर बसला नाहीस. रेघेच्या अलीकडे पन्नास फुटांवर उभा राहायचास आणि पोरांना सांगायचास, "इथं बैलाकडे पाहा. इथंच मी मार खाल्ला." पोरं ऐकायची. त्या जागी कासरा आवळायला तू त्यांना शिकवलंस. मागच्या हिवाळ्यात तुझ्याच पुतण्याने तिथे कासरा असा आवळला की आतला बैल गुडघ्यावर आला. छकडा उलटता उलटता राहिला. सगळे म्हणाले, देवाने वाचवलं. मी घरी आलो आणि जेवलो नाही. माझ्या अंगठ्याने तुझ्या हातात घातलेली एक खोटी समज आता दुसऱ्याच्या हातात गेली होती.

मी घड्याळ त्याआधीच सोडलं होतं. डोळ्यांचं कारण दिलं. माझे डोळे आजही चांगले आहेत.

मग तुला लकवा झाला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी रोज येत होतो, ते तुला आठवत असेल की नाही माहीत नाही. तुझं अर्धं तोंड वाकडं झालं होतं, शब्द ओले होऊन बाहेर यायचे. एका दुपारी वहिनी खाली औषध आणायला गेल्या होत्या. तू माझं मनगट धरलंस, चांगल्या हाताने. तुझी पकड अजूनही कासऱ्याचीच होती.

"मास्तर. लखननं शेवटी पाय आखडला होता ना?"

सुखदेव, मला संधी दहा वेळा मिळाली असती आणि मी पाच वेळा खरं बोललो असतो, असं मी आता म्हणणार नाही. संधी एकच होती. माझ्याजवळ शब्द होते. खोलीत कोणी नव्हतं. तू विचारत होतास, म्हणजे तुला शंका होती. इतक्या वर्षांनी, अर्ध्या शरीराने, तू पुन्हा तो हिशेब तपासत होतास.

मी "हो" म्हणालो.

तू डोळे मिटलेस. मला वाटलं तुला बरं वाटलं. आता वाटतं, तू फक्त थकला होतास. चार दिवसांनी तू गेलास.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. बसायला सांगितलं, चहा ठेवला, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू का? हे शेवटी शेवटी झोपेत भी बडबडत होते, 'कुठं चुकलो, कुठं चुकलो.' तुमी तं घड्याळाजवळ होते. त्याइचं का चुकलं होतं?"

मी सांगितलं. सगळं. चाक, चुना, टेप, फळा, बाजार, दवाखाना. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आलं असतं तर मला ते स्वतःसाठी वापरता आलं असतं. वहिनींनी सूप खाली ठेवलं नाही. खडे वेचत राहिल्या. चहा उकळून सांडला तो त्यांनीच उठून उतरवला.

पुन्हा बसल्यावर म्हणाल्या, "मंग लखनले काहून विकू देल्लं जी तुमी?"

मी त्यांच्या सुपातला एक खडा वेचला.

"त्याइचं सोडा," त्या म्हणाल्या. "ते मोठे मानूस होते, त्याइनं आपल्या डोक्यानं केलं. त्या मुक्या जनावराचं का चुकलं होतं?"

"माझी चूक होती, वहिनी."

"हे मले सांगून का होते?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी का पटावर होती? तुमी माइकवर सांगितलं होतं ना, सगळ्या गावाले? तं माइकवर सांगा. त्याइचा पुतन्या भी आयकन. अर्जुनीवाले भी आयकतीन. मले कायले सांगता, मी बाई मानूस घरात बसून काय करू ह्या गोष्टीचं?"

म्हणून मी समितीकडे जाऊन स्वतः पाच मिनिटं मागितली. ते खूश झाले. अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, तुमच्याइतकं सुखदेवले कोन ओळखते?" मी मान हलवली.

पाच मिनिटांत एवढं बसणार नाही, हे मला माहीत आहे. बापाची गोष्ट गाळीन. नाण्याची गाळीन, तुझं ते उत्तर मात्र मनात ठेवीन, कारण त्या वादात तू जिंकला होतास आणि मी तुला ते कधी सांगितलं नाही. लोक काय म्हणतील याचा अंदाज मी तीन रात्री बांधला. काही म्हणतील, म्हातारपणी मास्तर पलटले. अर्जुनीवाले चिडतील, त्यांचा हक्क आहे. ती ढाल त्यांच्या घरी अजून भिंतीवर असेल आणि त्यांच्या बैलांनी तर काहीच गुन्हा केला नव्हता. काही म्हणतील, आता कशाला. या 'आता कशाला'ची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण तो शब्द माझ्याच तोंडात इतकी वर्षं होता.

तुझ्या पुतण्याला मी आधी भेटलो नाही. भेटलो असतो तर त्याला एकट्याला सांगून मोकळं व्हायचा मोह झाला असता. तो समोर उभा राहून सगळ्यांबरोबर ऐकू दे. रेघेच्या अलीकडे पन्नास फुटांवर काही नाही, तिथे कासरा आवळू नको, एवढं त्याला कळलं तरी पुरे.

आज सकाळी हे कागद घेऊन मी वहिनींकडे गेलो होतो. त्यांना वाचता येतं, पण म्हणाल्या, तुमीच वाचा. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या, डोळे अंगणाकडे. मध्ये एकदाही थांबवलं नाही. वाचून झाल्यावर मी वाट पाहिली. काय म्हणतील, मला माफ करतील का, करणार नाहीत का, हे ऐकायची मला फार गरज होती, आणि बहुतेक त्यांना ती दिसली.

त्या म्हणाल्या, "लखन डाव्या अंगानं नव्हता पळत. उजव्या अंगानं पळे. तुमी तिथं बसून होते आनि एवढं भी पाहिलं नाई?"

वर जिथे 'लखन उजवीकडे' आहे तिथे मी आधी 'डावीकडे' लिहिलं होतं. ते खोडलं आहे. रविवारी ते वाक्य 'उजवीकडे' असंच वाचणार आहे.